आठच्या खालची माणसं

माणूस माझ्यासमोर बाही वर करून बसतो, मी दंडाला पट्टा बांधतो, आणि त्या क्षणापासून तो बोलायला लागतो. सुईकडे बघायचं नसतं ना! मग कुठेतरी बघायला हवं म्हणून माझ्या तोंडाकडे बघतो, आणि एकदा तोंडाकडे बघितलं की माणसाला गप्प बसवत नाही. अडीच मिली रक्तामागे एक गोष्ट, असा गेली बावीस वर्षं माझ्याकडे रतीब चालू आहे. रक्त मशीनमध्ये जातं, ट्यूब लाल पिशवीत जाते, गोष्ट माझ्याकडे राहते. घरी बायको म्हणते, "यातल्या निम्म्या तुम्ही पदरच्या घातलेल्या असतात."

निम्म्या नाही हो. फार तर पाव!

मी मूळचा मिरजेचा, लॅब टेक्निशियन. चेन्नईत अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात लागलो तेव्हा मला तमिळचे दोनच शब्द येत होते, त्यातला एक इडली. तिसरा शब्द पेशंटांनी शिकवला, कोसू. कोसू म्हणजे डास. सकाळी सकाळी येऊन रक्त पितो तो! पण इथली माणसं फार सभ्य. नुसतं कोसू म्हणत नाहीत, पुढे आदरानं 'सार' लावतात. कोसू सार!

मंगळवार हा आमच्याकडे केमोचा दिवस. सकाळी आठला हॉल भरतो. आधी मी रक्त काढतो, तासाभरात हिमोग्लोबिन येतं. आठ किंवा वर असेल तर औषध. खाली असेल तर आमच्या मोठ्या मॅडम फाईल मिटतात आणि म्हणतात, "आज नाही." ते 'आज नाही' सगळ्यांना सुईपेक्षा जास्त टोचतं. कारण हॉलमधल्या प्रत्येकाला एवढं पाठ झालेलं असतं, की कॅन्सर एका बाजूनं रक्त खातो, औषध दुसऱ्या बाजूनं खातं. रक्त कमी पडलं की औषध लांबतं, आणि औषध लांबलं की कॅन्सरला सवड मिळते. त्यामुळे इथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. "किती?" एवढंच विचारतात. "आठ पॉइंट चार!" "अरे वा, पास!" दहावीच्या निकालाला काय होईल असा कल्ला!

मी सांगतोय ते सगळं एकाच उन्हाळ्यातलं. त्या उन्हाळ्यात अख्ख्या हॉलचा जीव एका बाईत अडकला होता. कमलाअक्का. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, सदुसष्ट वर्षांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या टीचर. ओव्हरीचा कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी चार डोस घ्यायचे होते, तीन झाले होते. चौथा राहिला होता, आणि हिमोग्लोबिन प्रत्येक डोसनंतर एकेक पायरी उतरत चाललं होतं.

*

आधी आरुमुगम. सिटी बसचे रिटायर ड्रायव्हर, पोटाचा कॅन्सर, आवाज अजून हॉर्नसारखा. एका मंगळवारी त्यांचं सात पॉइंट नऊ आलं. नापास! कुणीतरी शेजारून सांगितलं, बीट खा. या माणसानं आठवडाभर बीट खाल्लं असतं तर ठीक होतं. यांनी पुढच्या मंगळवारी सकाळी, हॉस्पिटलला निघायच्या आधी, एका बैठकीत दीड लिटर बीटचा रस प्याला!

"सार, लवकर काढा," मला म्हणाले. "आत्ता ताजं आहे, वर चढलेलं आहे."

मी काढलं. ते बाथरूमला गेले. दोन मिनिटांनी आतून असा हॉर्न वाजला की लिली सिस्टर ट्रे टाकून धावली. लिली सिस्टर म्हणजे आमच्या हॉलची मुख्य नर्स, केरळची, वीस वर्षांत कधी धावलेली कुणी पाहिली नव्हती.

दार उघडून आरुमुगम भिंतीला धरून उभे, तोंड पांढरंफटक. "सिस्टर, घात झाला! घातलं तेवढं सगळं खालून निघून गेलं!"

बीट खाल्लं की काहींची लघवी लाल होते, हे त्यांना समजावेपर्यंत रिपोर्ट आला. आठ पॉइंट एक. पास!

आठवडाभर सिस्टरांनी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं, ते बिचारं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पुढचे दोन महिने अण्णा नगरच्या मार्केटात बीट मिळेना.

*

वैद्यनाथन मामा आमचे सगळ्यात शिकलेले पेशंट. रिटायर इंजिनिअर. मॅडमनी त्यांना लोहाची गोळी दिली आणि बजावलं, "गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास कॉफी नाही. कॉफीनं लोह अंगी लागत नाही."

महिनाभरानं बघावं तर हिमोग्लोबिन जागच्या जागी. मॅडमनी विचारलं, गोळी घेता ना?

मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पट्टीनं आखलेलं टाईमटेबल. पहाटे पाच, सात, नऊ, अकरा, दीड, चार, सहा आणि रात्री जेवणानंतर. आठ वेळा फिल्टर कॉफी.

"मॅडम," मामा अतिशय शांतपणे म्हणाले, "मी प्रामाणिकपणे बघितलं. गोळीसाठी माझ्याकडे स्लॉट नाही."

मॅडम हसत नाहीत. कधीच नाहीत. त्यांनी पेन काढलं, टाईमटेबलमधल्या चार ओळींवर काट मारली आणि कागद परत दिला. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे बघून आरुमुगमांना वाटलं, काहीतरी भयंकर रिपोर्ट आलाय. उठून त्यांना मिठीच मारली!

*

आता अक्कांचा किस्सा. आमच्या हॉलमध्ये एक रिवाज आहे. रिपोर्ट यायला तास लागतो, तेवढा धीर कुणाला असतो? मग शेजारी शेजारी बसून एकमेकांची खालची पापणी ओढून बघतात. आत लाल दिसलं तर पास, फिकट दिसलं तर देवाचं नाव. या विद्येत अक्कांचा हात कुणी धरत नसे. बोटानं पापणी ओढायच्या, मान तिरकी करायच्या आणि आकडा सांगायच्या. दशांशासकट! मशीन तासाभरानं तोच आकडा छापायचं. फार तर एखाद्या दशांशाचा फरक, आणि तो पडला की अक्का म्हणायच्या, "मशीन पाहून घे रे."

एकदा मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधतोय, तर त्यांनी मोकळ्या हातानं माझीच पापणी ओढली. अक्कांची मराठी म्हणजे एखाद्या बखरीचं पान कुणीतरी तमिळ सुरात वाचावं तशी.

"अय्यो! तुज नऊ आहे की रे!"

"अक्का, मी धडधाकट आहे."

"सरी सरी, बरें बरें. आधी आपलें काढ, मग माझें काढ."

काढल्याशिवाय दंडच देईनात! हॉलभर माणसं बघतायत, कोसू सार स्वतःला चावतोय. रिपोर्ट आला, नऊ पॉइंट दोन. मी कंट्रोल, म्हणजे मशीनची परीक्षा घ्यायचा नमुना, लावून पुन्हा तपासलं. नऊ पॉइंट दोन! पुढे तपासण्या झाल्या, पोटात अल्सर निघाला, त्यातून गुपचूप रक्त झिरपत होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर उलटीतूनच कळलं असतं.

मी अक्कांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रोज इतकें पितोस," म्हणाल्या, "अंगास कांहीं लागत नाही?"

त्या दिवशी त्यांचा स्वतःचा आकडा सात पॉइंट आठ होता. चौथा डोस पहिल्यांदा पुढे ढकलला गेला.

*

रक्त चढवायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. बाकीच्यांना चढवतच होतो. त्यातही गमती. इथे एखाद्या सिनेमाच्या हिरोचा वाढदिवस आला की त्याचे फॅन ट्रकनं येऊन रक्तदान करतात, आणि आमच्या ब्लड बँकेचा फ्रिज लग्नघरासारखा भरतो. आरुमुगमांना एक पिशवी लागली, ती नेमकी अशा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

"कुणाच्या फॅनचं?" त्यांनी सलाईनच्या स्टँडला विचारावं तसं विचारलं.

लिली सिस्टर म्हणाली, पिशवीवर हिरोचं नाव नसतं, ग्रुप असतो.

पण आरुमुगमांना कॅलेंडर पाठ! ते जुन्या हिरोचे भक्त. तरुणपणी त्याच्या पोस्टरवर दूध ओतलेलं. आणि वाढदिवस होता त्या नव्या पोराचा. "त्या पोरग्याच्या माणसाचं रक्त? माझ्या अंगात? सिस्टर, त्यापेक्षा पेट्रोल भरा!"

सिस्टरनं मुकाट्यानं सुई लावली. संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर रंग आला, आवाज पुन्हा हॉर्नवर गेला. पुढच्या मंगळवारी माणूस आला तो एकदम पडेल. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले,

"सार, कुणाला सांगू नका. काल टीव्हीवर त्या पोराचं गाणं लागलं, आणि माझा पाय हलला!"

अक्कांचं मात्र असं होईना. आधी दोनदा रक्त चढवलं होतं, त्यानंतर त्यांच्या शरीरानं परक्या रक्ताशी वैर धरलं. कुठलीही पिशवी जुळवून बघा, ट्यूबमध्ये गुठळ्या. ग्रुप तोच, तरी जुळत नाही. ब्लड बँकेनं शहरभर निरोप धाडले होते. मिळालं तर मिळालं.

*

त्याच सुमारास मुनियम्मा आली. तांबरमला फुलं विकणारी बाई, पन्नाशीची, आतड्याचा कॅन्सर नुकताच कळलेला. मी रक्त काढलं तर ते ट्यूबमध्ये पाण्यासारखं उतरलं. मशीननं आकडा दिला तीन पॉइंट आठ.

मी मशीन धुतलं. पुन्हा लावलं. तीन पॉइंट आठ. दुसऱ्या मशीनवर लावलं. तीन पॉइंट सात! मी मॅडमना फोन केला. मॅडम स्वतः खाली आल्या. एवढ्या आकड्यावर माणूस स्ट्रेचरवर असतो, ऑक्सिजन लावलेला असतो. ही बाई खुर्चीच्या कडेला बसून गजरा ओवत होती!

"कुठून आलात?"

"तांबरमहून. लोकलनं एग्मोर, तिथून बस."

"बरोबर कोण आहे?"

मुनियम्मानं पायाजवळच्या टोपलीकडे बोट दाखवलं. मोगरा, अर्धी टोपली. अर्धी वाटेत विकली होती.

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "अहो, पण एवढं सगळं उभ्यानं कसं आलात तुम्ही?"

मुनियम्माला प्रश्नच कळला नाही. "बसायला जागा नव्हती, अम्मा."

वैद्यनाथन मामांनी हातातली कॉफी खाली ठेवली. मुनियम्माला आम्ही स्ट्रेचरवर घातलं, ती संकोचून मरायची राहिली. चार पिशव्या चढल्या, मग ऑपरेशन झालं, मग औषधं. आता ती दर सहा महिन्यांनी तपासायला येते, आणि अजूनही उभीच असते.

शरीर हळूहळू शिकतं, असं मॅडम नंतर म्हणाल्या. काय शिकतं ते त्यांनी सांगितलं नाही.

*

दुसऱ्या मंगळवारी अक्कांचं सात पॉइंट सात आलं. "आज नाही." मॅडमनी फाईल मिटली, पण या वेळी लगेच उठल्या नाहीत. अक्कांच्या यजमानांना, रावांना, त्यांनी समजावून सांगितलं, की गाठ तीन डोसांत छान लहान झालीये, आता खंड पडायला नको होता. फार लांबलं तर पुन्हा वाढेल आणि ऑपरेशनची वेळ हातची जाईल. अजून एक मंगळवार बघू.

राव रेल्वेतून रिटायर झालेले, बहात्तर वर्षांचे. असा सरळ माणूस, की रस्त्यावर गाडी नसली तरी लाल सिग्नलला चालत चालत थांबणार. दुपारी ते माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि शर्टाची बाही वर केली.

"माझें काढा. तिचें नांव चिकटवा."

मला आधी हसू आलं. म्हटलं, "राव, तुमची शुगर बघून मॅडम अक्कांच्या जिलब्या बंद करतील!"

ते हसले नाहीत. बाही तशीच वर. मग मीही खुर्ची ओढून बसलो आणि खरं ते सांगितलं. खोटा आठ आला तर मॅडम औषध देतील, आणि ते औषध खऱ्या सातवर पडेल. अक्कांना झेपणार नाही.

रावांनी बराच वेळ लावून बाही खाली केली. बटण लागेना, ते मी लावून दिलं.

"मग खरा आठ आणा," म्हणाले.

तेवढ्यात दार उघडलं. अक्का! सगळं बाहेरून ऐकलेलं.

"पंचेचाळीस वर्षांत एकदा चोरीस निघाले," मला म्हणाल्या, "आणि तीही परवानगी घेऊन!"

*

तिसरा मंगळवार. अक्का सकाळीच आल्या त्या रावांच्या खांद्यावर भार टाकून. चक्कर येत होती म्हणून लिली सिस्टरनं त्यांना खिडकीजवळच्या बेडवर झोपवलं. तासाभरानं मी तिथेच, झोपल्या झोपल्या रक्त काढलं. सगळा हॉल माझ्या हाताकडे बघत होता. आरुमुगम हॉर्न न वाजवता बसलेले.

सात पॉइंट सहा.

मी रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा कुणीही "किती?" विचारलं नाही. माझ्या चालण्यावरून कळलं असावं. मॅडमनी फाईल मिटली. राव ब्लड बँकेच्या काउंटरवर जाऊन उभे राहिले, कुठून पिशवी मिळतेय का बघायला.

त्याच वेळी एक नवी मुलगी आली. स्नेहा, नाशिकची, इथल्या आयटी कंपनीत कामाला, सव्वीस-सत्तावीसची. पहिलाच डोस. आईवडील संध्याकाळच्या गाडीनं पोचणार होते, म्हणून एकटीच रिक्षानं आलेली. सिस्टरनं हाताला स्पिरिट लावलं मात्र, मुलगी पांढरी पडून खुर्चीतून घसरली. बेड एकही रिकामा नाही.

अक्का उठल्या. लिली सिस्टर "अम्मा, नको, नको" म्हणते आहे तोवर त्यांनी पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या आणि बेडवर थाप मारली. "इथें निजवा तिला."

मुलगी शुद्धीवर आली ती "आई गं" म्हणत. तमिळ हॉलमध्ये ते दोन शब्द! अक्कांनी तिचा हात धरला.

"आहे हो, आहे. भिऊं नको कण्णा. टोचणारा आपलाच मनुष्य आहे. मिरजेचा डांस."

स्नेहा रडता रडता हसली. मग अक्का तिच्याशी बोलत राहिल्या. केस जातात त्याचं, तोंड कडू होतं त्यावर चिंचेची गोळी कशी धरायची त्याचं, मॅडम हसत नाहीत पण हात किती हलका आहे त्याचं. मी दोनदा स्टूल नेऊन ठेवलं. बसल्या नाहीत. बसलं की मुलीचा चेहरा दिसत नाही म्हणाल्या. मोजून पाऊण तास. सकाळी ज्या बाईला दारापासून बेडपर्यंत दोघांनी आणलं होतं, ती बाई पाऊण तास नुसती उभी!

मी जवळून जाताना अक्कांनी माझ्याकडे न बघता डावा हात लांब केला.

"आणखी एकदा काढ."

मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. मी काढलं. उभ्या उभ्याच.

मशीनचा कागद बाहेर आला आणि मी खाली बसलो. आठ पॉइंट एक. नाव बघितलं. नंबर बघितला. कंट्रोल लावला, बरोबर. तीच ट्यूब पुन्हा लावली. आठ पॉइंट एक.

दोन्ही कागद घेऊन मी मॅडमसमोर गेलो. एकाच सकाळचे, एकाच बाईचे. माझ्या थापा मॅडमना माहीत आहेत, म्हणून त्यांनी तिसरी ट्यूब स्वतः येऊन काढली, स्वतः लॅबमध्ये उभं राहून लावली. कागद आला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग तो फाईलला लावून हॉलमध्ये आल्या.

"मधल्या वेळात काय केलंत तुम्ही?"

अक्का म्हणाल्या, "कांहीं नाही. ही हात सोडीना."

मॅडमनी लिली सिस्टरकडे बघितलं. "औषध लावा."

कुणीतरी ब्लड बँकेकडे रावांना सांगायला धावलं. आरुमुगमांनी डोळे पुसायच्या निमित्तानं दोनदा हॉर्न वाजवला. सिस्टर बाटली घेऊन आली आणि गोंधळून उभी राहिली. बेडवर स्नेहा झोपली होती. मी खुर्ची आणून बेडला लावली, आणि अक्का एकदाच्या बसल्या.

औषध डाव्या हाताला लावलं. उजवा रिकामा नव्हता.